एकच सातू, एकच धूर, दोन निराळ्या चवी

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ एक वाऱ्या-पावसाचं बेट आहे. इंग्रजी अक्षरं वाचून आपण त्याला 'इस्ले' म्हणतो, तिथली माणसं 'आयला' म्हणतात. या बेटावर पोर्ट एलन गावी 1973 पासून सातूला मोड आणून, धुरी देऊन वाळवण्याचा मोठा कारखाना आहे. मोड आणून वाळवलेला हा सातू म्हणजे माल्ट. तो इथून बेटावरच्या व्हिस्कीच्या ज्या डिस्टिलऱ्यांत जातो, त्यांपैकी दोन लॅगावुलिन आणि कूल ईला. दोघींची मालक कंपनी एकच. दोघींच्या माल्टमधलं धुराचं प्रमाणही जवळपास सारखं, दशलक्षात साधारण 35 भाग फेनॉल, म्हणजे धुराचा वास देणारी संयुगं.

आता लॅगावुलिनची 16 वर्षांची आणि कूल ईलाची 12 वर्षांची व्हिस्की शेजारी शेजारी ओता. दोन्हींत अल्कोहोल 43 टक्केच. पहिली जड, तेलकट, विझलेल्या शेकोटीसारखी. दुसरीत धूर आहे, पण तो मोकळ्या हवेतला, आणि त्याच्या मागून लिंबाच्या सालीचा वास येतो. वयाचा आणि पिंपांचा थोडा फरक धरला तरी एवढं अंतर त्यातून येत नाही. मग ते येतं कुठून?

सिंगल माल्टची तुलना म्हणजे 'कुठली भारी' हे ठरवणं, असं पुष्कळांना वाटतं. मला ते निष्फळ वाटतं. खरी गंमत प्रयोगशाळेच्या रीतीने तुलना करण्यात आहे: शक्यतो एकच गोष्ट वेगळी असलेल्या दोन व्हिस्की घ्यायच्या. मग नाक आपोआप कारण शोधू लागतं.

आधी नावाचा घोळ मिटवू. 'सिंगल' म्हणजे एका पिंपातली नव्हे, एका डिस्टिलरीतली. 'माल्ट' म्हणजे फक्त मोड आलेल्या सातूची. ती तांब्याच्या भांड्यात गाळलेली आणि स्कॉटलंडमध्येच ओकच्या पिंपात किमान 3 वर्षं मुरलेली हवी. बाटलीवर 12 लिहिलं असेल, तर आतल्या मिश्रणातली सर्वांत कोवळी व्हिस्की 12 वर्षांची असते. रंगावर मात्र विसंबू नका. स्कॉचमध्ये साधं कॅरॅमल रंगापुरतं घालायला कायद्याने मुभा आहे.

धूर येतो पीटमधून. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं अर्धवट कुजत साचलेलं शेवाळ, गवत आणि झुडपं. त्याच्या विटा कापून वाळवतात आणि जाळतात. त्या धुरातले फेनॉल, क्रेसॉल, ग्वायकॉल ओलसर माल्टच्या टरफलांना चिकटतात. अशा व्हिस्कीचा पहिला घोट घेतल्यावर 'हा तर दवाखान्याचा वास' असं मराठी माणूस हमखास म्हणतो, आणि ते अगदी बरोबर आहे. जुन्या कार्बोलिक साबणाचा वास याच कुळातला. ग्वायकॉल मात्र वेगळ्या आठवणी जागवतं. लाकडातलं लिग्निन जळताना ते तयार होतं, म्हणून चुलीवर तापवलेल्या दुधाचा धुरकट वास ज्याला ठाऊक आहे, त्याला त्याची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही.

पण ते 35 भाग माल्टमधले आहेत, बाटलीतले नव्हेत. वाटेत बराच धूर गळतो, आणि किती गळतो ते गाळणाऱ्याच्या हातात असतं. सातूचं गोड पाणी आंबवून साधारण 8 टक्के अल्कोहोलचं बिअरसारखं पेय तयार होतं. ते दोन खेपांत गाळतात. गोव्यात पहिल्या खेपेला उराक निघतो आणि त्याच्यावर पुढची खेप होऊन फेणी तयार होते, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना ही पद्धत परकी वाटणार नाही. दुसऱ्या खेपेतली सुरुवातीची उग्र धार बाजूला काढतात, मधली ठेवतात, शेवटची पुन्हा भांड्यात परततात. फलगंधी, हलके रेणू आधी येतात. धुराचे जड रेणू रेंगाळत उशिरा येतात. म्हणजे मधली धार जो उशिरापर्यंत घेत राहील, त्याच्या पदरी जास्त धूर.

दुसरी गोष्ट तांबं. वाफ वर चढताना तांब्याला घासत जाते आणि तांबं तिच्यातली गंधकाची, उकडलेल्या कोबीसारख्या वासाची संयुगं ओढून घेतं. भांडं उंच असेल तर जड वाफा वाटेतच थंड होऊन खाली पडतात आणि पुन्हा उकळतात. कूल ईलाची भांडी मोठी आहेत आणि ती काठोकाठ भरत नाहीत. वाफेला वर भरपूर तांबं मिळतं. लॅगावुलिनची भांडी नासपतीसारखी फुगीर, जवळजवळ पूर्ण भरलेली, वाफ नेणाऱ्या नळ्याही उताराच्या. जड ते जड राहतं आणि पलीकडे उतरतं. दोन चवींमधलं अंतर मुख्यतः इथे पडतं.

तांब्याचा हा प्रताप डलविनी डिस्टिलरीने स्वतःवर अनुभवला. तिथे वाफ थंड करायला पाण्याच्या टाकीत बुडवलेली लांब वेटोळी नळी होती. 1986 साली ती काढून आधुनिक कंडेन्सर बसवले. त्यांत वाफेला तांबं जास्त भेटतं. सातू तोच, पाणी तेच, माणसं तीच, पण अर्क बदलला, त्याचा भारदस्तपणा गेला. 1995 साली पुन्हा वेटोळ्या बसवाव्या लागल्या. एका नळीसाठी एवढा खटाटोप! मला ही हकिकत फार आवडते.

पिंपाचा परिणाम पाहायचा असेल तर ग्लेनमॉरंजीची जोडी घ्यावी. इथली भांडी स्कॉटलंडमध्ये सर्वांत उंच, त्यांची मानच 5 मीटरहून जास्त, म्हणून अर्क नाजूक. तोच अर्क 'ओरिजिनल'मध्ये अमेरिकेतल्या बर्बन व्हिस्कीच्या जुन्या पिंपांत मुरतो. 'लसांटा'मध्ये तो त्यानंतर शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपांत हलवतात. पहिलीत व्हॅनिला आणि ओल्या खोबऱ्याचा भास होतो. व्हॅनिलाचा गंध लाकडातल्या लिग्निनमधून येतो, खोबऱ्याचा ओकमधल्या लॅक्टोन नावाच्या रेणूंतून. दुसरीत मनुका, खजूर आणि किंचित तुरटपणा.

हवामानाची तुलना करायला आपल्याला लांब जावं लागत नाही. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन ही सिंगल माल्ट भारतीय सातूपासून बनते. स्कॉटलंडच्या गारठ्यात पिंपातून दरवर्षी साधारण 2 टक्के उडून जातं. गोव्याच्या उष्णतेत ते 8 टक्क्यांच्या आसपास जातं. हिशेब करून पाहा: 100 लिटरचे 12 वर्षांनी तिकडे सुमारे 78 उरतील, इकडे 37. उष्णतेने लाकडाचा गुणही लवकर उतरतो. म्हणून आपल्याकडच्या माल्टचं वय स्कॉचच्या वयाशी आकड्याने ताडून पाहणं हा अन्याय आहे.

पाणी घालावं का? जरूर घालावं, थेंबाथेंबाने. 2017 साली स्वीडनमधल्या कार्लसन आणि फ्रीडमन या शास्त्रज्ञांनी संगणकावर पाणी, अल्कोहोल आणि ग्वायकॉल यांच्या रेणूंची हालचाल तपासली. अल्कोहोल 45 टक्क्यांपर्यंत असताना ग्वायकॉल पृष्ठभागाजवळ जमतं, म्हणजे नाकाच्या जवळ. 59 टक्क्यांच्या वर अल्कोहोलचे रेणू त्याला वेढतात आणि ते आत खेचलं जातं. पिंपातून थेट बाटलीत भरलेली तीव्र व्हिस्की पाण्याने 'उमलते' त्यामागे हे कारण दिसतं. व्यवसायाने व्हिस्की हुंगणारे ब्लेंडर तर ती 20 टक्क्यांच्या आसपास पातळ करून, बहुतेक वेळा न पिताच पारखतात.

आपल्यालाही फार प्यावं लागत नाही. अल्कोहोल कर्करोगकारक आहे आणि महागड्या बाटलीतही तो तोच असतो. तुलनेला 15 मिलिलिटर पुरतात, कारण काम नाकाचं आहे. तोंड निमुळतं असलेला ग्लास घ्या आणि नाक थोडं लांब ठेवा. दोन वासांमध्ये साध्या पाण्याचा घोट घ्या, कारण नाक त्याच वासाला मिनिटभरात सरावतं.

नंतर परीक्षा. कुणाला तरी तीन ग्लास भरायला सांगा, दोनात एक व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळा ग्लास ओळखा. नुसत्या अंदाजानेही सरासरी तीनांत एकदा जमतं. पण पाच खेपांत चार वेळा जमलं, तर ते योगायोगाने होण्याची शक्यता 5 टक्क्यांहून कमी. लॅगावुलिन आणि कूल ईला इथे सहज सुटतात. दोन बिनधुराच्या 12 वर्षांच्या माल्ट ठेवून पाहा, पाचात चारदा ओळखताना कस लागतो.

ग्लास लगेच धुऊ नका. अल्कोहोल 78 अंशांना उकळतं, ग्वायकॉल 205 अंशांना. सकाळी रिकाम्या, कोरड्या ग्लासात नाक घाला. लिंबू गेलेलं असतं, फळं गेलेली असतात. भट्टीत सर्वांत उशिरा आलेला धूर तेवढा तळाशी बसून असतो.