साखरेचा आकडा रुग्णाच्या हाती कसा आला

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोच्या रुग्णालयात १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला इन्सुलिन टोचले गेले. तोवर टाइप १ मधुमेहाच्या, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही अशा, मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून थोडे दिवस वाढवणे, एवढेच डॉक्टरांच्या हाती होते. इन्सुलिनने जीव वाचू लागले, पण रोजचा प्रश्न उभा राहिला: आज किती घ्यायचे? जेवण, श्रम, ताप यांप्रमाणे गरज बदलते आणि रक्तातली साखर घरी मोजता येत नव्हती.

पुढची कित्येक दशके भिस्त होती लघवीवर. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून उकळायचे आणि रंग पाहायचा. हिरवट, पिवळा, विटकरी, जसा रंग तशी साखर. १९५६ मध्ये कागदी पट्टी आली, उकळणे सुटले. मूळ अडचण सुटली नाही. रक्तातली साखर साधारण १८० च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) वर गेल्याशिवाय लघवीत उतरत नाही, आणि उतरते तीही मागच्या काही तासांची. साखर घसरून घाम फुटला, हात थरथरू लागले, तरी लघवीतून काहीच कळत नसे. तातडीचा धोका तर तोच! त्या पिढीने हे कसे निभावले असेल, याचे मला फार वाटते.

१९७० च्या सुमारास रक्ताच्या थेंबावरून साखर सांगणारे यंत्र आले, तेही फक्त डॉक्टरांसाठी. रिचर्ड बर्नस्टाइन या मधुमेही अभियंत्याने ते डॉक्टर पत्नीच्या नावावर मिळवले, दिवसातून अनेकदा साखर तपासली आणि त्यानुसार आहार व इन्सुलिन बसवले. वैद्यकीय नियतकालिकांनी त्यांचे लेखन नाकारले, तेव्हा पंचेचाळिशीत ते स्वतः वैद्यकीय शिक्षण घ्यायला गेले.

साखर अशी सांभाळण्याचा फायदा होतो, याचा ठोस पुरावा मिळाला १९९३ मध्ये. टाइप १ च्या १,४४१ रुग्णांच्या अभ्यासात साखर काटेकोर सांभाळणाऱ्यांमध्ये डोळ्यांचा पडदा बिघडण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. त्याच गटात साखर गंभीरपणे घसरण्याचे प्रसंग मात्र सुमारे तिप्पट होते. ही दुसरी बाजूही प्रत्येक रुग्णाला सांगायलाच हवी. वृद्धांसाठी किंवा साखर वारंवार घसरणाऱ्यांसाठी डॉक्टर उद्दिष्ट थोडे सैल ठेवतात, ते यामुळेच. आता त्वचेखालचे सेन्सर दर काही मिनिटांनी साखर नोंदवतात आणि ती झोपेत खाली जाऊ लागली, तर गजर वाजवून उठवतात.