पालकाची भाजी, आईचे दूध आणि ‘के’ जीवनसत्त्व

माझ्या भाचीने बाळंतपणाच्या महिनाभर आधी डॉक्टरांना द्यायची एक यादी केली आणि ती वाचून पाहण्यासाठी मला पाठवली. बाळाची नाळ लगेच कापू नये, जन्मताच त्याला छातीवर ठेवावे, पहिल्या दिवशी आंघोळ घालू नये, वरचे दूध, पाणी किंवा ग्राइप वॉटर यांपैकी काहीही देऊ नये, असा तो क्रम होता. शेवटच्या ओळीत लिहिले होते : ‘अनावश्यक इंजेक्शन नको, विशेषतः के जीवनसत्त्वाचे. मी पालक आणि शेपू भरपूर खाते आहे.’

या शेवटच्या ओळीखेरीज यादीतील एकाही गोष्टीवर मला आक्षेप घेता आला नाही. नाळ कापण्यापूर्वी किमान एक मिनिट थांबावे असे जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. तेवढ्या वेळात वारेतील सुमारे ८० मिलिलिटर रक्त बाळाकडे येते आणि पुढच्या काही महिन्यांसाठी लोहाची शिल्लक होते. पहिली आंघोळ २४ तासांनी घालावी आणि पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध द्यावे, हा सल्लाही त्याच संघटनेचा आहे. मात्र याच भाचीने सोन्याची अंगठी मधात उगाळून बाळाला चाटवण्याच्या घरच्या प्रथेला आनंदाने संमती दिली होती, कारण मध रानातला होता. अगदी शुद्ध मधातही बोटुलिझम या विषबाधेच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करू शकतात, हे तिला कोणी सांगितलेले नव्हते. ‘नैसर्गिक’ हा शब्द दिसला की आपण पुढचे प्रश्न विचारायचे थांबतो आणि बरण्या विकणाऱ्यांना ते पक्के ठाऊक असते.

आता ‘के’विषयी. नवजात बाळांना कोणत्याही जखमेवाचून रक्तस्राव होतो, अशा ५० बाळांची नोंद बोस्टनचे डॉक्टर चार्ल्स टाउनसेंड यांनी १८९४ मध्ये प्रसिद्ध केली. कारण मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. ते हाती लागले ते कोंबडीच्या पिल्लांमुळे. १९२९ मध्ये कोपनहेगनचे हेन्रिक डॅम पिल्लांना स्निग्धांश काढून टाकलेले खाद्य देत असताना त्यांच्या कातडीखाली रक्त साचू लागले आणि ते गोठेना. खाद्यातून जे निघून गेले होते त्या पदार्थाला डॅम यांनी रक्त गोठण्यासाठीच्या ‘कोआग्युलेशन’ या शब्दाच्या त्यांच्याकडील स्पेलिंगमधले पहिले अक्षर दिले : के. या शोधाला १९४३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे जीवनसत्त्व नेमके करते काय, हे समजायला मात्र १९७४ साल उजाडले आणि ती यंत्रणा इतकी देखणी आहे की तिच्यासाठी वाचकाने थोडी कळ सोसावी.

रक्त गोठवणारी काही प्रथिने यकृतात तयार होतात; प्रोथ्रॉम्बिन हे त्यांतले एक. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ; या माळेच्या एका टोकाशी ग्लुटामिक आम्ल या अमिनो आम्लाचे दहा मणी विशेष महत्त्वाच्या जागी बसलेले असतात. प्रत्येक मण्याच्या टोकाला ऋण विद्युतभार असलेला एक कार्बॉक्सिल गट असतो. एका गटाला कॅल्शियमचा दुहेरी धनभार घट्ट धरता येत नाही. एक दांडी तुटलेल्या सांडशीने पातेले उचलण्यासारखे ते असते. यकृतातील एक विकर (एन्झाइम) प्रत्येक मण्याला दुसरा कार्बॉक्सिल गट जोडते, म्हणजे सांडशीला दुसरी दांडी बसवते. या जोडकामाला लागणारी ऊर्जा के जीवनसत्त्वाच्या ऑक्सिडीकरणातून येते. एक दांडी बसली की के-चा एक रेणू खर्ची पडतो; मग दुसरे विकर त्याला पुन्हा कामाजोगा करते आणि तोच रेणू पुनःपुन्हा वापरला जातो. हृदयरुग्णांना रक्त पातळ ठेवण्यासाठी दिले जाणारे वॉरफरिन नेमके या दुसऱ्या विकराला अडवते.

कॅल्शियम धरून एवढे काय साधते? रक्तवाहिनी फाटली की तेथे जमलेल्या प्लेटलेटांच्या आवरणाची आतली बाजू बाहेर येते आणि तिच्यावर ऋणभारित स्निग्ध रेणू असतात. प्रोथ्रॉम्बिनवरही ऋणभार आणि पृष्ठभागावरही ऋणभार. दोघे एकमेकांना दूरच लोटणार. मधे कॅल्शियमचे धनभारित आयन आले की त्यांचा पूल होतो आणि प्रथिन नेमके जखमेपाशी चिकटते. तेथे दाटीने जमलेली प्रथिने एकमेकांना वेगाने कार्यान्वित करतात; वाहत्या रक्तात विखुरलेली असताना ती जवळजवळ निष्क्रिय असतात. के जीवनसत्त्व नसले तरी यकृत प्रथिने बनवतच राहते, पण ती सगळी एका दांडीच्या सांडशा असतात.

बाळाची अडचण अशी की के जीवनसत्त्व वारेतून फारच थोडे पार होते, त्यामुळे जन्माच्या वेळी त्याची शिल्लक जवळजवळ नसते. आईच्या एक लिटर दुधात ते १ ते ४ मायक्रोग्रॅम असते आणि आईने रोज पालक खाल्ला तरी या आकड्यात फारसा फरक पडत नाही. मोठ्यांच्या आतड्यातील काही जिवाणू के-२ हा या जीवनसत्त्वाचा एक प्रकार तयार करतात. परंतु अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आतड्यात बिफिडो जातीच्या जिवाणूंचे राज्य असते. आईच्या दुधातील, बाळाला स्वतःला न पचणाऱ्या विशिष्ट शर्करा याच जिवाणूंना पोसतात आणि ते अनेक रोगजंतूंना थारा देत नाहीत, पण के-२ बनवत नाहीत. आईच्या दुधाच्या सर्वांत मोठ्या गुणाशेजारी अशी त्याची एक उणीव उभी असते. फार थोडीच बाळे दगावत असतील, तर उत्क्रांतीच्या हिशेबात अशी उणीव खुशाल टिकून राहू शकते.

रक्तस्रावाचा सर्वांत भयंकर प्रकार दुसऱ्या आठवड्यापासून सहाव्या महिन्यापर्यंत केव्हाही दिसू शकतो. तो प्रामुख्याने केवळ अंगावर पिणाऱ्या बाळांत आढळतो आणि पुष्कळदा थेट मेंदूत होतो. २०१३ मध्ये अमेरिकेतील नॅशव्हिल येथे काही महिन्यांत अशी चार बाळे आढळली. चौघांच्याही पालकांनी जन्माच्या वेळी हे इंजेक्शन नाकारले होते. नकाराची कारणे चौकशीत नोंदवली गेली, त्यांत ल्युकेमियाची, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाची, भीती होती. ती १९९० च्या सुमारास ब्रिटनमधील एका संशोधनातून निघाली. पुढे स्वीडनमधील १३ लाखांहून अधिक मुलांच्या पाहणीत तसा संबंध आढळला नाही. शोध मागे पडला तरी भीती मात्र फिरतच राहिली.

भाचीला मी एवढेच कळवले की हे इंजेक्शन म्हणजे लस नव्हे. पालकाच्या पानात प्रकाशसंश्लेषणासाठी इलेक्ट्रॉन वाहून नेणारे जे के-१ असते, तेच यात असते. फक्त कारखान्यात बनवलेले. त्याची मात्रा १ मिलिग्रॅम, म्हणजे साधारण २०० ग्रॅम कच्च्या पालकात असते तितकी. बाळाला पालक भरवता येत नाही आणि आईने खाल्लेला पालक त्याच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून ते मांडीत टोचायचे. भारतात २०१४ पासून सरकारी मार्गदर्शक सूचनांतही ते प्रत्येक नवजात बाळासाठी आहे. शिवाय पहिला तासभर बाळाला आईच्या छातीवर ठेवून, अंगावर पाजायला सुरुवात झाल्यानंतरच ते द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिने यादीतील ती ओळ खोडली आणि तिच्या जागी लिहिले : ‘इंजेक्शन द्यावे, पण पहिल्या तासानंतर, बाळ अंगावर पीत असताना.’ अंगावर पिणारे बाळ सुई टोचताना कमी रडते, हे तिला आधीपासूनच माहीत होते.