परसातील कोंबड्या व त्यांची उन्हाळी निगा

परसातील कोंबडीपालन : घराच्या आवारात थोड्या, साधारणपणे पाच ते वीस कोंबड्या मोकळ्या किंवा अर्धबंदिस्त ठेवून अंड्यांसाठी व काही अंशी मांसासाठी पाळण्याची पद्धत. दाणे टाकणे, तिन्हीसांजेला खुराड्यात कोंडणे, खुडूक कोंबडीखाली अंडी मांडणे ही नित्याची कामे सर्वपरिचित आहेत. त्यामानाने दुर्लक्ष होते ते उष्म्याकडे.

उगम : तांबडा रानकोंबडा (गॅलस गॅलस) हा पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज होय, हे चार्ल्स डार्विन यांनी १८६८ मध्ये मांडलेले मत आज सर्वमान्य आहे. वाद आहे तो हा पक्षी कोठे आणि केव्हा माणसाळला याचा. मोहेंजोदडो येथील अवशेषांवरून हा मान बराच काळ सिंधू खोऱ्याकडे होता. १९८८ मध्ये वेस्ट व झोऊ या संशोधकांनी उत्तर चीनमधील हाडांच्या आधारे हा काळ इ. स. पू. सु. ६००० पर्यंत मागे नेला. परंतु त्यांतील बरीच हाडे फेझंट या कोंबडीच्या कुळातील रानपक्ष्यांची असावीत, असे पुढील फेरतपासणीत दिसून आले. २०२० मधील जनुकीय अभ्यासाने नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड व म्यानमार या पट्ट्यातील, तांबड्या रानकोंबड्याच्या ‘स्पॅडिसियस’ या उपजातीकडे बोट दाखवले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुरातत्त्वीय फेरआढाव्यात मध्य थायलंडमधील बान नॉन वाट येथील इ. स. पू. सु. १६५०–१२५० या काळातील हाडे सर्वांत जुनी खात्रीची मानली आहेत. हाडांची ओळख व कालनिर्णय दोन्ही तपासलेले असल्याने हे मत अधिक ग्राह्य वाटते. एका पूर्वजाचा सिद्धांतही आता निखळ राहिलेला नाही : पिवळ्या कातडीचे जनुक करड्या रानकोंबड्याकडून (गॅलस सोनेराटी) आल्याचे २००८ मध्ये दिसून आले.

उष्ण प्रदेशातला पक्षी म्हणून कोंबडीला ऊन सोसते, हा समज या उगमातूनच आला असावा. मात्र रानकोंबडा राहतो तो झुडपांच्या सावलीत. भर दुपारी उघड्यावर तो क्वचितच दिसतो.

शरीरातील उष्णता : कोंबडीचे तापमान ४१–४२° से. असते आणि तिला घामग्रंथी नसतात. हवा १८–२४° से. असताना तुरा, हनुवटीखालचे लोंबते लाल पडदे व पाय यांवाटे उष्णता आपोआप निघून जाते. ती जाईनाशी झाली, की पक्षी पंख अंगापासून सोडून उभा राहतो. साधारण २८–३०° से.नंतर चोच उघडून धापा टाकू लागतो. श्वास मिनिटाला दीडशेच्या वर जातो. शरीराचे तापमान ४६–४७° से.ला पोहोचल्यास मृत्यू ओढवतो. मरतुक बहुधा दुपार कलल्यावर होते, कारण साठलेली उष्णता तोवर शिगेला पोहोचते. रात्रही उकाड्याची गेली, तर पुढचा दिवस अधिक घातक ठरतो. जड अंगाच्या व चरबी साठलेल्या कोंबड्या प्रथम दगावतात. मोठ्या तुऱ्याचे हलके लेगहॉर्न किंवा मानेवर पिसे नसलेले वाण त्यामानाने तगतात.

धाप व अंड्याचे कवच : धापेमुळे पाणी बाष्परूपाने जाऊन अंग निवते, पण त्यासोबत कार्बन डाय-ऑक्साइडही वाजवीपेक्षा जास्त बाहेर पडतो. रक्त अधिक अल्कधर्मी होते, कवचग्रंथीला लागणारे बायकार्बोनेट घटते आणि रक्तातील आयनरूप कॅल्शियमही कमी होते. कवच मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असते व एका अंड्यात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जाते. तेव्हा या दोन्ही गोष्टी एकदम कमी पडल्या, की कवच पातळ होते. उकाड्यात कोंबडी कमी खाते, हे त्याचे दुसरे कारण. म्हणूनच केवळ चुना वाढवून भागत नाही. कार्बन डाय-ऑक्साइड मुरवलेले (सोड्याचे) पाणी पाजल्यास कवच सुधारते, असे प्रयोगांत आढळले आहे; परसात मात्र सावली व पाणी हाच खरा उपाय. कवच बरेचसे रात्री घडते, म्हणून शिंपल्यांचा जाडसर चुरा संध्याकाळी वेगळ्या भांड्यात ठेवावा. तो पेषणीत (दाणे दळणाऱ्या जठराच्या भागात) हळूहळू विरघळून रात्रभर पुरतो. बारीक पूड लवकर निघून जाते.

व्यवस्था : अंड्यावरची कोंबडी एरवी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, कडक उन्हात त्याच्या दुप्पट किंवा अधिक. दहा कोंबड्यांना किमान ५ लिटर धरावे आणि ते दोन-तीन भांड्यांत, सावलीतच ठेवावे. एकच भांडे असले की दांडग्या कोंबड्या ते अडवतात. तापलेले पाणी कोंबड्या नाकारतात, त्यामुळे उन्हातल्या नळीतले पहिले पाणी ओतून द्यावे. पाण्यातून क्षार दिल्यास शेजारी साधे पाणी हवेच.

खाद्य पचताना अंगात उष्णता निर्माण होते, म्हणून ते पहाटे व सूर्यास्ताच्या सुमारास द्यावे. सकाळी दहा ते दुपारी चार दाणा टाळलेला बरा. मका वाढवण्यापेक्षा प्रथिने व जीवनसत्त्वे भरीव असलेले खाद्य थोडेच द्यावे.

खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम असल्यास सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन कमी शिरते. पत्र्यावर चुन्याची सफेदी किंवा गवत-पाचटाचा थर द्यावा; दोन समोरासमोरच्या भिंतींना जाळी ठेवावी, रात्री भक्षक शिरणार नाही इतकी घट्ट. आत प्रत्येकीला ३–४ चौ. फूट जागा व बसण्याच्या दांडीवर सुमारे २० सेंमी. हवेत. तुसाचा थर उन्हाळ्यात ५ सेंमी.पर्यंत उतरवावा, जाड गादी कुजताना तापते. ओले गोणपाट वा फवारा कोरड्या हवेतच उपयोगी पडतो. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर गेल्यास पाणी फारसे उडत नाही, उलट तूस भिजून अमोनिया व रक्ती हगवण वाढते.

अंडी दिवसातून तीनदा गोळा करावीत. फलित अंड्यात २१° से.च्या वर भ्रूण वाढू लागतो. फटींतील तांबड्या माइटचे (रक्त शोषणाऱ्या बारीक किड्याचे) पुनरुत्पादन उन्हाळ्यात झपाट्याने होते, म्हणून दांड्यांची टोके रात्री दिवा धरून तपासावीत. लसीकरण पहाटे करावे.

कोलमडलेली कोंबडी : मान टाकलेल्या पक्ष्याला सावलीत नेऊन पाय व छाती साध्या, गार पाण्यात बुडवावी, डोके वर राहील असे धरावे. बर्फाचे पाणी वापरू नये : कातडीखालच्या वाहिन्या आकसून उष्णता आतच अडते. शुद्ध नसेल तर चोचीत पाणी ओतणे धोक्याचे, ते श्वासनलिकेत जाते. धाप ओसरल्यावर तिने आपणहून प्यावे.