४१ महिन्यांचा थकलेला पगार

८ मार्च १९४२ रोजी जावा बेटावर डच सैन्याने जपान्यांपुढे शस्त्रे टाकली, आणि आज ज्याला आपण इंडोनेशिया म्हणतो त्या डच वसाहतीतल्या सरकारी नोकरांचा पगार थांबला. सैनिक युद्धकैदी झाले. डच कारकून, मास्तर, रेल्वे-टपालातले अधिकारी छावण्यांत डांबले गेले; पुरुष एकीकडे, बायकामुले दुसरीकडे. १५ ऑगस्ट १९४५ला जपानने हार मानली तोवर ४१ महिने उलटले होते. जिवंत बाहेर पडलेल्यांचा प्रश्न साधा होता: मधल्या महिन्यांचा पगार कोण देणार?

इथूनच टोलवाटोलवी सुरू झाली. वसाहतीचे सरकार कायद्याने वेगळे, त्याची तिजोरीही वेगळी. त्यामुळे एकाच छावणीत एकाच पातेल्यातली पेज प्यायलेल्या दोघांचा हिशेब वेगळा निघाला. डच नौदलाचा खलाशी मायदेशाचा नोकर ठरला, त्याला थकबाकी मिळाली. शेजारी झोपणारा वसाहतीच्या फौजेतला शिपाई मात्र वसाहतीची राजधानी बटाव्हिया (आजचे जकार्ता) इथल्या सरकारचा नोकर, म्हणून त्याच्या हाती पगाराऐवजी किरकोळ मदत पडली. बऱ्याच खासगी कंपन्यांनीसुद्धा आपल्या माणसांचे पैसे चुकते केले.

२७ डिसेंबर १९४९ला सत्तांतर झाले आणि वसाहत सरकारची देणी नव्या इंडोनेशियाच्या गळ्यात पडली. आता हेग, म्हणजे तिथे बसणारे डच सरकार म्हणे, जकार्ताला विचारा. कायद्याच्या भाषेत हे बिनचूक असेलही. पण सुमारे ४३० कोटी गिल्डरचे (तेव्हाचे डच चलन) कर्ज डोक्यावर घेऊन जन्मलेला देश जुन्या मालकांच्या नोकरांचा युद्धातला पगार भागवेल, असे हेगमध्ये तरी कोणाला मनापासून वाटत असेल का? १९५६मध्ये इंडोनेशियाने ते कर्जच नाकारले. (आपल्याकडे १९४८च्या करारात ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या पेन्शनीची सोय लावण्यासाठी भारताच्या स्टर्लिंग शिलकेतून (ब्रिटनकडे जमा असलेल्या आपल्या पौंडांतून) १४ कोटी ७५ लाख पौंड वळते झाले, प्रांतांचा वाटा निराळा. म्हणजे साहेबाची पेन्शन आपणच भरली, पण निदान ती कोण देणार हे ठरलेले होते.)

पेन्शनीच्या बाबतीत डच सरकार थोडे नरमले. १९५०च्या हमी कायद्याने वसाहतीत नोकरी केलेल्या डच नागरिकांच्या निवृत्तिवेतनाची जबाबदारी मायदेशाने घेतली. थकीत पगार त्यात नव्हता.

सर्वांत वाईट वाटा इंडोनेशियाच्या पूर्वेकडच्या मोलुक्का बेटांवरून वसाहतीच्या फौजेत आलेल्या शिपायांच्या नशिबी आला. ही फौज जुलै १९५०मध्ये मोडीत निघाली. पुढच्या वर्षी या शिपायांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना, सुमारे साडेबारा हजार जणांना, बोटींनी नेदरलँड्सला आणले गेले. पहिली बोट ‘कोटा इंतेन’ २१ मार्च १९५१ला रॉटरडॅमला लागली. आयुष्यभर डच झेंड्याखाली लढलेल्या माणसांचे तिथे स्वागत झाले ते नोकरीवरून काढल्याच्या कागदाने. राहायला छावण्या, त्यातली एक वेस्टरबोर्कची. काही वर्षांपूर्वी नाझींनी ज्यूंना मृत्युछावण्यांकडे रवाना केले ते हेच ठिकाण. जेवण सामायिक भटारखान्यातले, भात खाणाऱ्यांच्या ताटात बटाटे. हातखर्चाला माणशी आठवड्याला ३ गिल्डर. पहिल्या पिढीतल्यांना वर्षाला २,००० गिल्डर देण्याचे ठरायला १९८६ उजाडले.

छावण्या भोगलेल्या कुटुंबप्रमुखांना किंवा त्यांच्या विधवांना १९८१मध्ये एकरकमी ७,५०० गिल्डर मिळाले. अर्थात त्याला कोणी पगार म्हटले नाही.

पगाराचे घोंगडे मात्र भिजतच राहिले. नोव्हेंबर २०१५मध्ये डच सरकारने प्रत्येकी २५,००० युरो जाहीर केले, तेव्हा हयात हक्कदार अंदाजे ११०० उरले होते. अट एकच होती: नोकर स्वतः १५ ऑगस्ट २०१५ रोजी जिवंत असला पाहिजे. त्यानंतर तो वारला तर पैसे वारसांना मिळणार होते. आदल्या दिवशी, १४ तारखेला वारला असेल, तर त्याच्या विधवेला काहीच नाही.