सिंको दे मायो (स्पॅनिशमध्ये '५ मे') म्हणजे मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन नव्हे

दर मे महिन्यात एक फॉरवर्ड फिरतो, '५ मे, मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन'. अमेरिकेत या दिवशी एवढा जल्लोष असतो की कुणालाही ते खरंच वाटणार. पण घरात आई किंवा बाबा मेक्सिकन असतील तर मुलांना नीट सांगायला हवं, त्यांचाच इतिहास आहे तो.

आधी साल बघा. स्पेनविरुद्धचा उठाव १६ सप्टेंबर १८१० ला दोलोरेस गावात चर्चची घंटा वाजवून सुरू झाला आणि १८२१ मध्ये देश स्वतंत्र झाला. ५ मे ला साजरा होतो तो एका लढाईतला विजय, ती लढाई १८६२ ची, म्हणजे तब्बल ४१ वर्षांनंतरची, आणि समोर स्पेन नव्हतंच, फ्रेंच सैन्य होतं. मेक्सिकोने परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले म्हणून फ्रान्स चालून आला आणि पुएब्ला शहरापाशी हरला. पुढच्याच वर्षी फ्रेंचांनी राजधानी घेतली, तरी त्या विजयाचा अभिमान राहिलाच, कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन लोकांनी तेव्हापासून तो दिवस साजरा केला, नंतर बिअरच्या जाहिरातींनी तो अमेरिकाभर नेला.

स्वतः तपासायचं तर मेक्सिकोच्या सरकारी सुट्ट्यांची यादी उघडा, १६ सप्टेंबर सापडेल. १५ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष राजवाड्याच्या गॅलरीतून तीच दोलोरेसची घंटा वाजवतात, खाली चौकात गर्दी 'विवा मेक्सिको' ओरडते, मुलांना तो व्हिडिओ नक्की दाखवा. आणि जमलं तर त्या दिवसांतली चिलेस एन नोगादा करा, हिरवी भरली मिरची, अक्रोडाचा पांढरा सॉस, वर लाल डाळिंबाचे दाणे, झेंड्याचे तिन्ही रंग ताटात!