मुलगी हिरो असली की मुलगे चॅनल बदलतात म्हणे!

टीव्हीवाल्यांमध्ये वर्षानुवर्षं एक समज फिरतोय, की मुली मुलग्यांच्या सिरीयल्स बघतात पण मुलगी हिरो असली की मुलगे लगेच रिमोट उचलतात, म्हणून सायन्सच्या कार्यक्रमात पोरगाच पुढे ठेवा. च्यायला, हे अजून लोक ठासून सांगतात!

अमेरिकेत १९९१ साली निकलोडियन या लहान मुलांच्या चॅनलने 'क्लॅरिसा एक्स्प्लेन्स इट ऑल' आणली, हिरो मुलगी, तीही कॉम्प्युटरवर स्वतःचे गेम बनवणारी. मुलगे पळाले का? अजिबात नाही, मुलींच्या बरोबरीने बघत बसले.

मग १९९४ ला पीबीएस या तिथल्या सार्वजनिक चॅनलवर 'द मॅजिक स्कूल बस' आली. विज्ञान शिकवणाऱ्या मिस फ्रिझल बाई, वर्गात आठ पोरं, त्यात चार मुली, आणि डोरोथी ॲन तर कायम पुस्तक उघडून "माझ्या संशोधनानुसार" म्हणत सुरू. एका भागात वर्गातला अर्नोल्ड खाण्याचा रेकॉर्ड करायच्या नादात जादूने चिमुकली झालेली अख्खी बसच गिळतो आणि बाकीचा वर्ग त्याच्या पोटातून पचनसंस्था बघत फिरतो, आता हे बघायला मुलगा-मुलगी काय, कोणीही चिकटून बसणारच ना. एकूण ५२ भाग झाले.

२०१२ ची डॉक मॅकस्टफिन्स घ्या, खेळण्यांची डॉक्टर असलेली सहा वर्षांची चिमुरडी, तिचे फॅन मुलगेही भरपूर.

हां, 'सायगर्ल्स'सारखा कार्यक्रम मुद्दाम मुलींसाठी काढलाय, खऱ्या मुली आणि त्यांना मदत करणाऱ्या महिला शास्त्रज्ञ. पण तो मुलींना डोळ्यासमोर ठेवून केलाय, मुलग्यांना बंदी थोडीच आहे.