भारत आणि युनेस्को

शिक्षण, विज्ञान, संस्कृती आणि माहितीची देवाणघेवाण या क्षेत्रांत राष्ट्रांमध्ये सहकार्य वाढावे म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या परिवारात जी संघटना स्थापन झाली, ती युनेस्को. मुख्यालय पॅरिस. भारत हा तिचा संस्थापक सदस्य आहे. अलीकडे वर्तमानपत्रांत युनेस्कोचे नाव येते ते बहुधा एखादे लेणे किंवा किल्ला जागतिक वारसा यादीत गेल्यावर. पण या नात्यातील पहिली पंचवीस वर्षे वाचनालये, रेडिओ, प्रयोगशाळा आणि भाषांतरे यांत गेली. ती फारशी कोणाच्या लक्षात नाहीत, आणि तीच मोलाची आहेत.

या सहकार्याचे मूळ युनेस्कोच्याही आधीचे आहे. पहिल्या महायुद्धानंतर स्थापन झालेल्या राष्ट्रसंघाने 1922 मध्ये जिनिव्हात बौद्धिक सहकार्यासाठी एक आंतरराष्ट्रीय समिती नेमली. आइन्स्टाइन, मेरी क्युरी, आंरी बर्गसाँ अशी माणसे तिच्यावर होती. जगदीशचंद्र बसू आणि पुढे सर्वपल्ली राधाकृष्णन यांनीही त्या समितीवर काम केले. भारत तेव्हा पारतंत्र्यात होता, तरी विद्वत्तेच्या मेजावर त्याची माणसे बरोबरीने बसत होती. राजकीय दर्जाआधी बौद्धिक दर्जा मिळाल्याचे हे उदाहरण आहे, आणि युनेस्कोत भारताला सुरुवातीपासून जे वजन लाभले त्याचा उगम इथे शोधावा लागतो.

युनेस्कोची घटना नोव्हेंबर 1945 मध्ये लंडनच्या परिषदेत संमत झाली. वीस राष्ट्रांनी मान्यता दिल्यावर ती अंमलात यायची होती; तो टप्पा 4 नोव्हेंबर 1946 रोजी गाठला गेला आणि त्या विसांत भारत होता, म्हणजे स्वातंत्र्य मिळायला नऊ महिने बाकी असताना. राधाकृष्णन 1948-49 मध्ये कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष झाले आणि 1952 मध्ये सर्वसाधारण परिषदेचे. देशातील कामाचा समन्वय साधण्यासाठी राष्ट्रीय आयोग नेमला गेला. तो शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत चालतो. मल्कम आदिशेषय्या हे अर्थतज्ज्ञ 1963 ते 1970 या काळात संघटनेचे उपमहासंचालक होते.

सर्वसाधारण परिषदेचे नववे अधिवेशन 1956 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नवी दिल्लीत भरले. अध्यक्षस्थानी शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद होते. दिल्लीचे विज्ञान भवन आणि अशोक हॉटेल या वास्तू याच अधिवेशनासाठी बांधल्या गेल्या. सुएझ कालव्यावरून पेटलेले युद्ध आणि हंगेरीत सोव्हिएत फौजांनी चिरडलेला उठाव ही दोन्ही प्रकरणे तेव्हा ताजी होती, तरी अधिवेशन पार पडले आणि त्याने दोन टिकाऊ निर्णय दिले. एक, पूर्व आणि पश्चिमेने एकमेकांची सांस्कृतिक मूल्ये समजून घ्यावीत यासाठीचा दीर्घ मुदतीचा प्रकल्प. दुसरा, पुरातत्त्वीय उत्खननाबाबतची आंतरराष्ट्रीय तत्त्वे. सापडलेल्या वस्तूंवर कोणाचा हक्क, उत्खननाचा अहवाल कधी आणि कसा द्यायचा, परदेशी पथकाला कोणत्या अटींवर परवानगी द्यायची, हे प्रश्न त्या तत्त्वांनी हाताळले. शतकभर ज्या देशांतून मूर्ती आणि शिलालेख बाहेर नेले जात होते, त्यांच्यापैकी एका देशाच्या राजधानीत ही तत्त्वे संमत व्हावीत याला वेगळे महत्त्व आहे.

प्रत्यक्ष कामाकडे वळले तर पहिले नाव दिल्ली सार्वजनिक वाचनालयाचे घ्यावे लागेल. जुन्या दिल्लीत रेल्वे स्थानकासमोर 27 ऑक्टोबर 1951 रोजी जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते ते सुरू झाले. युनेस्कोने त्याला पथदर्शी प्रकल्प मानले होते: वर्गणी नाही, अनामत नाही, कपाटे उघडी, पुस्तक वाचकाने स्वतः हाताने निवडायचे. कुलूपबंद कपाट आणि काउंटरवरून चिठ्ठी देऊन मागवायचे पुस्तक अशी सवय असलेल्या आपल्या वाचनालयांसाठी हा मोठाच बदल होता. नवसाक्षरांसाठी सोपी पुस्तके, मुलांसाठी स्वतंत्र दालन, वस्त्यांमध्ये फिरणारी ग्रंथांची मोटार अशा सोयी तिथे झाल्या. नव्याने स्वतंत्र झालेल्या इतर देशांपुढे नमुना म्हणून हे वाचनालय ठेवले गेले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय प्रयोग 1956 चा. आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच मराठी जिल्ह्यांतील दीडशे गावांत रेडिओ श्रोतामंडळे स्थापन केली. मूळ कल्पना कॅनडातील शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांची. संध्याकाळी गावातील वीसेक माणसे एका रेडिओभोवती जमायची, शेती किंवा गावकीच्या प्रश्नावरचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायची, मग रेडिओ बंद करून त्यावर बोलायची. चर्चेतून निघालेल्या शंका मंडळाचा संयोजक केंद्राला कळवायचा आणि पुढच्या कार्यक्रमात त्यांना उत्तर मिळायचे. असे वीस कार्यक्रम झाले. मूल्यमापनाचे काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूरथ यांच्या देखरेखीखाली तिने मंडळ असलेली गावे, रेडिओ असून मंडळ नसलेली गावे आणि रेडिओच नसलेली गावे यांची तुलना केली. मंडळे असलेल्या गावांत लोकांची माहिती स्पष्टपणे अधिक वाढली होती. नुसता रेडिओ आणि बोलत्या माणसांमधला रेडिओ यांतला फरक आकड्यांनी दाखवून देणारा हा अभ्यास संज्ञापनशास्त्रात आजही उद्धृत होतो. 1959 पासून ही योजना देशभर पसरवण्यात आली. प्रयोग जितका काळजीपूर्वक झाला तितका विस्तार झाला नाही, हे मात्र नोंदवायला हवे. मंडळाला संयोजक लागतो, त्याला प्रशिक्षण लागते, पत्राला उत्तर देणारे केंद्र लागते, आणि हे सारे हजारो गावांत टिकवणे ही निराळीच गोष्ट होती.

उच्च शिक्षणात पवईच्या आयआयटीचे उदाहरण आहे. 1958 मध्ये वरळीत तात्पुरत्या जागेत तिचे पहिले वर्ग भरले आणि मार्च 1959 मध्ये नेहरूंनी पवईला कोनशिला बसवली. सोव्हिएत संघाने संयुक्त राष्ट्रांच्या तांत्रिक साहाय्य निधीला रूबलमध्ये दिलेली रक्कम युनेस्कोमार्फत इकडे वळवण्यात आली. तिच्यातून यंत्रसामग्री आणि सोव्हिएत तज्ज्ञ आले, आणि इथले अध्यापक प्रशिक्षणासाठी तिकडे गेले. शीतयुद्धाच्या काळात एका महासत्तेची मदत बहुराष्ट्रीय संस्थेच्या हातून घेणे हे अलिप्ततेच्या धोरणाला धरून होते. पुढे कोठारी शिक्षण आयोगावर (1964-66) सदस्यसचिव जे. पी. नाईक यांच्या जोडीला सहयोगी सचिव म्हणून युनेस्कोतील अधिकारी जे. एफ. मॅकडूगल यांनी काम पाहिले.

भाषांतराची योजना त्याहून शांतपणे चालली, पण मराठीला तिचा थेट लाभ झाला. जगातील प्रातिनिधिक साहित्यकृती इंग्रजी-फ्रेंचमध्ये आणण्यासाठी युनेस्कोने एक मालिका चालवली होती. तुकारामांचे निवडक अभंग गी देलरी यांच्या फ्रेंच अनुवादात 1956 मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाले; वि. गो. प्रधान यांनी केलेला ज्ञानेश्वरीचा इंग्रजी अनुवाद 1967 पासून लंडनहून प्रसिद्ध झाला. बाजाराच्या हिशेबात न बसणारे हे काम होते, आणि संस्थेचे पाठबळ नसते तर ते वर्षानुवर्षे रखडले असते.

भारताने केवळ घेतले असे नाही. ईजिप्तमध्ये आस्वान धरणामुळे न्यूबियातील प्राचीन स्थळे बुडणार होती. युनेस्कोच्या हाकेला ओ देऊन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे पथक ब्रजबासी लाल यांच्या नेतृत्वाखाली तिकडे गेले आणि 1961-62 मध्ये अफिये येथे त्याने उत्खनन केले. विज्ञानप्रसारासाठी दिला जाणारा युनेस्कोचा कलिंग पुरस्कार ओडिशाच्या बिजू पटनाईक यांच्या देणगीतून सुरू झाला. 1952 मध्ये पहिला पुरस्कार लुई द ब्रॉय यांना मिळाला, आणि 1996 मध्ये तो जयंत नारळीकरांना मिळाला.

वारसाविषयक करार हा या संबंधाचा दुसरा मोठा कालखंड. सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा 1970 चा करार आणि जागतिक वारशाचा 1972 चा करार, हे दोन्ही भारताने 1977 मध्ये मान्य केले. पहिल्या करारामुळे चोरीला गेलेल्या मूर्तींचा पाठपुरावा करायला आधार मिळाला. तमिळनाडूतील श्रीपुरंतान येथील मंदिरातून चोरीस गेलेली नटराजाची कांस्यमूर्ती ऑस्ट्रेलियाने 2014 मध्ये परत केली. मात्र हा करार मागच्या काळाला लागू होत नाही. वसाहतकाळात गेलेल्या वस्तूंसाठी त्याचा उपयोग नाही आणि ही त्याची खरी उणीव आहे.

जागतिक वारसा यादीत भारताचा प्रवेश 1983 मध्ये झाला: अजिंठा, वेरूळ, ताजमहाल आणि आग्र्याचा किल्ला. घारापुरीची लेणी 1987 मध्ये आली, मुंबईचे छत्रपती शिवाजी टर्मिनस 2004 मध्ये. पश्चिम घाटाचा 2012 मध्ये समावेश झाला तेव्हा कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही महाराष्ट्रातील क्षेत्रे त्यात होती. यादीत नाव आले की युनेस्को ते स्थळ ताब्यात घेते किंवा त्यासाठी भरघोस पैसा देते, असा समज आहे. तसे होत नाही. मालकी, खर्च आणि जबाबदारी राज्यकर्त्यांचीच राहते. संघटनेच्या हाती असते ती पाहणी आणि जाहीर ताकीद. ती ताकीद किती लागू पडते हे हंपीत दिसले. तुंगभद्रेवर आनेगुंदीकडे जाणाऱ्या झुलत्या पुलाच्या बांधकामामुळे 1999 मध्ये हंपीचे नाव धोक्यातील वारशाच्या यादीत गेले आणि 2006 पर्यंत तिथेच राहिले. आसामचे मानस अभयारण्य त्या यादीतून बाहेर यायला 1992 ते 2011 अशी एकोणीस वर्षे लागली.

वास्तूंपलीकडचा वारसाही पुढे विचारात आला. अमूर्त वारशाच्या 2003 च्या करारात भारत 2005 मध्ये सामील झाला. केरळचे कुडियाट्टम हे संस्कृत नाट्य, वेदपठणाची परंपरा, रामलीला ही सुरुवातीची नावे. नाशिकसह चार ठिकाणचा कुंभमेळा 2017 मध्ये नोंदला गेला. दस्तऐवजांच्या जागतिक नोंदवहीत 2007 मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतील ऋग्वेदाच्या तीस हस्तलिखितांना स्थान मिळाले. त्यांतील सर्वांत जुने दिनांकित हस्तलिखित इ.स. 1464 चे आहे. एक भूर्जपत्रावर शारदा या काश्मीरच्या जुन्या लिपीत लिहिलेले आहे. ते काश्मीरमधून 1875 च्या सुमारास जर्मन संस्कृतज्ञ गेओर्ग ब्यूलर यांनी मिळवले. बाकीची देवनागरीत आहेत.

जागतिक वारसा समितीचे अधिवेशन जुलै 2024 मध्ये प्रथमच भारतात, नवी दिल्लीला झाले. पुढच्या वर्षी, 11 जुलै 2025 रोजी, पॅरिसच्या अधिवेशनात मराठा लष्करी भूदृश्ये या नावाने बारा किल्ल्यांचा यादीत समावेश करण्यात आला. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे अकरा महाराष्ट्रातील, तर जिंजी तमिळनाडूतील. यांपैकी आठ किल्ले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड यांची देखभाल महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे.